फेव्रोन्याची चूल

फेव्रोन्या माझी थोरली बहीण. जन्म गेला तिचा गावच्या शाळेची भट्टी पेटवण्यात. बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी, पण वर्गात पोरं कोट काढून बसायची. ताई नुसतं हुंगून सांगायची, हे लाकूड धुरकटेल, हे धडधडेल. गुर्मीच होती तिला त्याची!

त्या उन्हाळ्यात याकुत्स्कहून कुन्नेय नावाची संशोधक मुलगी ताईकडे उतरली. आमची जमीन हातभर खाली बारमाही गोठलेली. नदीकाठ ढासळला की आतून लार्चचे जुनेपुराणे ओंडके निघतात. कुन्नेय त्यांच्या चकत्या कापून वर्तुळं मोजायची. वर्तुळ रुंद तर त्या वर्षीचा उन्हाळा उबदार, बारीक तर गार. हजार वर्षांपूर्वीची हवासुद्धा कळते म्हणे. चकत्या ताईच्या पडवीत वाळत ठेवल्या होत्या.

एका सकाळी ताईने अलादी तळल्या, मैद्याच्या, वर घट्ट साय. कुन्नेय मिटक्या मारत म्हणाली, "मावशी, आज चूल काय झकास पेटलीय!"

"पेटणारच! पडवीतलं लाकूड कसं खडखडीत वाळलंय."

पोरीचा घास हातातच राहिला.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडलो. "हजार वर्षं चुलीत घातलीस!"

ताईने डोक्याचा रुमाल डोळ्यांवर ओढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी करवतीचा आवाज आला. बाबांनी अंगणात रोवलेला घोडे बांधायचा खांब ताई कापत होती! आमच्यात त्या खांबाला कुणी हात लावत नाही. कुजून आपला आपण पडेपर्यंत तो उभा असतो.

"ताई, बाबांचा खांब!"

"गप रे. तोंड दाखवायला जागा नाही मला. जुना आहे, हा तरी नेऊ दे तिला."

कुन्नेय आमच्यातलीच. खांब बघून पांढरीफटक पडली. खांबाइतक्या वयाची झाडं टेकडीवर जिवंत उभी आहेत, त्यांचे नमुने कधीच घेऊन झाले, हे तिनेच मला सांगितलं होतं. तरी भिंग लावून बराच वेळ बघत राहिली.

"फार उपयोगाचा आहे, मावशी."

"शाळेत जन्म गेला गं माझा," ताई म्हणाली. "खोटं बोलणारं पोर मला कळतं."

हिवाळा लागला. ताईच्या धुराड्यातून धूर दिसेना, म्हणून धावत गेलो. कोट घालून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. चुलीपाशी लाकडं नीट रचलेली.

"तूच पेटव बाबा. माझा हात होत नाही."

मी पेटवली. मला कुठली जमायला, घरभर धूर झाला. ताई खोकली, पण वळून बघितलं नाही तिने.