पन्नासवर अडकलेला काटा

माझ्या मामावर अन्याय झाला तो १९९८ साली, गौरी-विसर्जनाच्या दुपारी, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका उताराच्या वळणावर. मामाची गाडी चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर आदळली आणि मामा स्टिअरिंगवर छाती आपटून जागीच गेला. तो अपघात. अन्याय त्यानंतरचा. जमलेल्यांतल्या एकाने फुटक्या काचेतून आत वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काटा पन्नासवर अडकलाय. मैल हां! म्हणजे ऐंशीने हाणत होता."

झालं. पंचनाम्यात तेच, गावात तेच. पुढच्या वर्षी एका उत्सव मंडळाने वळणावर पाटी ठोकली : 'बेफाम वेगाचा बळी येथे गेला. तुम्ही तरी सावकाश जा.' मामीचं माहेर त्याच रस्त्याला. एस.टी. वळणावर आली की ती डोळे मिटून घ्यायची.

मामा जहाजावर इंजिनरूममध्ये होता. मुंबईत कुठल्याशा वकिलातीतल्या माणसाने मागे टाकलेली जुनी अमेरिकन गाडी त्याने घेतली होती. दोनच दारं, लांबलचक नाक, आठ सिलिंडर. मिरकरवाडा बंदरातले त्याचे दोस्त विचारायचे, "ट्रॉलरला चाकं लावून आणलास काय रे?" मामा हसायचा आणि उभ्या जागी एकदा इंजिन गुरगुरवून दाखवायचा.

अपघातानंतर गाडी बागेतल्या मांगराच्या छपराखाली, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे पडून होती. २००३ साली मी पॉलिटेक्निकला होतो आणि उरलेल्या वेळात रस्त्यांच्या खड्ड्यांवर पत्रकं लिहून वाटत हिंडायचो. एक दिवस मामी म्हणाली, "ती घड्याळं नीट करून दे रे मला." डॅशबोर्डवरच्या मीटरांना ती घड्याळंच म्हणायची.

"गाडी चालणार नाही मामी. मीटर कशाला?"

"त्यांनी शेवटचं तेच बघितलंनी ना," ती म्हणाली.

दुपारी मांगरात गेलो. आधी मामीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. इंजिनाला गाऱ्हाणं मी पाहिलं होतं, मीटरला प्रथमच. मग मी डॅशबोर्ड सोडवला. पहिली काच निघाली आणि मामा डोक्याला लावायचा त्या तेलाचा वास आला. पाच वर्षं बंद काचेच्या आत! मी मामीकडे पाहिलं. ती दाराकडे पाहत होती.

मोठी मीटरं दोन होती. एकाचा काटा पन्नासवर रुतलेला, दुसऱ्याचा शून्यावर. पन्नासवाला मी चिमट्याने सोडवला आणि सवयीने ओरडलो, "मामी, काटा काढला गं!"

तिचा चेहरा उतरला. "मेल्या, असं बोलू नको या जागेत. त्यांचा काटा काढला लोकांनी, तेवढं पुरे."

मी काटा साफ केला, शून्यावर बसवला, मीटर पेटीवर ठेवलं. चहा पिऊन आलो तर काटा पन्नासवर. वायर नाही, बॅटरी नाही. पुन्हा शून्यावर आणला. डोळ्यांदेखत तो सावकाश चढत गेला आणि पन्नासवर थरथरत उभा राहिला. मी पत्रकं लिहिणारा माणूस, भुताखेतांचा प्रचार करणारा नाही. आतली स्प्रिंग खाऱ्या हवेने गंजली असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. अंगावर काटा आला तो मात्र कशाने गंजला होता, कोण जाणे.

तबकडी थिनरने पुसली तेव्हा तळाची बारीक अक्षरं दिसली : आरपीएम, गुणिले शंभर.

हे वेगाचं मीटरच नव्हतं. हे इंजिनाच्या फेऱ्यांचं. त्या काळी आमच्याकडे अॅम्बेसेडर, जीप, रिक्षा. असलं दुसरं मीटर कुणाच्या बापाने पाहिलं होतं? गोल तबकडी, आकडे, काटा पन्नासवर. झाला माणूस बेफाम!

मग वेगाचं मीटर घेतलं. तबकडीवर एक भगवी रेघ होती. मी थिनरचा बोळा टेकवणार तोच मामीने मनगट धरलं. "थांब. तो डाग नव्हे. काट्याचा रंग बघ."

काटा भगवाच होता. धडक बसली की काटा उसळून तबकडीवर आपटतो आणि तिथे रंग सोडतो, मग खाली पडतो. रेघ विसावर होती. वीस मैल. सायकलवाला उतारावर जातो तेवढा वेग.

मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. ॲक्सिलरेटरची केबल गंजून ओढलेल्या जागीच धरली होती. म्हणजे पेडल अडकलं, इंजिन भडकलं, मामाने क्लच दाबून चाकं मोकळी केली, ब्रेकवर गाडी विसावर आणली. उताराच्या पायथ्याशी तेव्हा गौरी घेऊन बायका चालल्या होत्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथवर गाडी थांबणार नव्हती, म्हणून त्याने ती गडग्यात घातली. लोकांनी ऐकलं ते नुसतं इंजिनाचं ओरडणं.

मामीला सांगितलं. मग ती पेटीवरच्या मीटरपाशी वाकून, झोपलेल्याला हाक मारावी तशी म्हणाली, "कळलं हो. सावकाशच होतात तुम्ही."

काटा पन्नासवरून सुटला आणि हळूहळू शून्यावर आला. नंतर कधीच हलला नाही. तेलाचा वासही गेला.

मीटरं आता मामीच्या घरी भिंतीवर आहेत. विसावरची रेघ तशीच ठेवलीय. मंडळाकडे मी तीनदा गेलो. "जाऊ दे ना, पाटीमुळे लोक हळू जातात," एवढंच ऐकून परत आलो.

तुम्ही पुळ्याला जाता. याच उतारावरून जाता. या खेपेला वळणावर गाडी थांबवा, खाली उतरा आणि पाटीवरची पहिली ओळ खरवडून टाका. दुसरी राहू दे, ती बरोबर आहे. आणि खरवडायचं नसेल, तर मामीच्या दारात या, भिंतीवरची ती रेघ बघा आणि तिच्या तोंडावर सांगा, की वीस मैल म्हणजे बेफाम.