बुजवलेलं भोक

व्यापाऱ्याकडून आणलेली जुनी सोन्याची मोहोर मी भिंगाखाली धरली. कडेला एक भोक होतं, सफाईनं बुजवलेलं. संग्राहकाच्या लेखी असं नाणं बाद. व्यापारी फोनवर म्हणाला, "दुकान बंद व्हायच्या आत आणा, परत घेतो." मी निघालो, तेवढ्यात दारातच बायकोनं मोहोर बघायला घेतली. भोकावर बोट फिरवत ती म्हणाली, "कुणा बाईच्या गळ्यात होती ही. तिनं आपणहून काढली असेल का हो?"

माझ्या संग्रहातली बाकीची नाणी निष्कलंक आहेत. कुणाच्याच अंगाची ऊब त्यांना लागलेली नाही. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी मीच फोन केला. "मोहोर ठेवतोय."

"दोष असूनही?"

"कुणीतरी ती घातली होती," मी म्हणालो.