वास नसलेलं गिअर ऑइल

आबिड्समधल्या एका दुकानदाराने गिअर ऑइल म्हणून मला साधं इंजिन ऑइल खपवायला बघितलं, आणि त्याच्याकडे मला नेलं होतं माझ्या बहिणीच्या यजमानांनी, सुधाकर भाऊजींनी.

आज तारनाक्याच्या गॅरेजात मी माझ्या लाल स्पोर्ट्स कारच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांच्या गिअरपेटीचं, तेल बदलून घेत होते. खऱ्या गिअर ऑइलचा तो गंधकाचा, कुजक्या लसणासारखा उग्र वास आला आणि ते दुकान डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तेव्हा गाडी नवी होती, माझ्या स्वतःच्या कमाईची. "आपला माणूस आहे, घासाघीस करू नका," भाऊजी म्हणाले. मी केलीच. दुकानदार पहिल्याच शब्दाला उतरला, तिथेच मला संशय आला. चांगला माल असलेला माणूस इतक्या लवकर वाकत नाही.

"सील फोडो," मी म्हणाले.

"फोडे तो लेना पडता, मॅडम."

"असली निकला तो दो डब्बे लेतूं."

झाकण उघडलं, तर गंधकाचा मागमूस नाही! मागच्या चाकांचा सगळा जोर झेलणारे दाते त्या तेलात झिजून गेले असते. मी डबा आधी त्याच्या, मग एकेका गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरला. बघता बघता दुकान रिकामं झालं. खरं तेल मी शेजारून घेतलं. तेच दाते आज मेकॅनिकने पुसून दाखवले, अजून लखलखीत आहेत.

"लोकांसमोर तमाशा कशाला?" एवढंच भाऊजी तेव्हा म्हणाले होते.

तमाशा मी केला, पुन्हाही करीन. पण त्या माणसाची हमी तुम्ही दिली होती, भाऊजी. डब्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं की नाही? उत्तर द्या.