जेठांसमोर

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या कामातलं मला जे कळलं ते ऐकून कळलं. काही चुकलं असेल तर जाणत्यांनी क्षमा करावी. पण माझ्या बहिणीबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून धीर करतो.

अक्का पाचोऱ्याजवळच्या एका गावी दिली होती. हे डॉक्टर तिचे थोरले दीर, म्हणजे आमच्याकडे ज्यांना जेठ म्हणतात ते. त्या नात्याने जळगावला शिकताना मला त्यांच्या घरी राहायला मिळालं. डॉक्टर स्वतः तिथे नसतच. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणे, मुलीला घेऊन राहत. डॉक्टर सणावाराला येत, आणि ते आले की गावाकडची माणसं सकाळपासून ओट्यावर बसलेली असत, कोणाचं पोट, कोणाची पाठ. एकदा मुलगी म्हणाली, मीपण ओट्यावर जाऊन बसते, म्हणजे बाबा मला बघतील. काकू हसल्या नाहीत.

अक्का फार बोलकी. विहिरीवरून हाक मारली तर केळीच्या बागेपलीकडे ऐकू जाई. मी कॉलेजात गेल्यापासून मला साहेब म्हणायची. "साहेब, चहा पिशात का, की कालेजमा बंदी शे?" लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या गळ्याला गाठ आली. गलगंड. आधी पदराच्या काठाखाली लपायचा, मग लपेना, आणि आडवं झालं की श्वास अडकू लागला.

गलगंडाच्या ऑपरेशनात डॉक्टरांचं नाव होतं. मे महिन्याच्या सुटीत ते आपले विद्यार्थी घेऊन धुळ्याच्या एका दवाखान्यात येत आणि त्या भागातल्या रोग्यांची ऑपरेशनं करत. त्यांची पद्धत त्यांनी जेवताना एकदा मला सांगितली होती. आवाजाची नस सुतासारखी बारीक असते आणि गाठीला चिकटून जाते. म्हणून ते रोग्याला पूर्ण झोपवत नसत. मान तेवढी बधिर करायची आणि रोग्याला बोलतं ठेवायचं. पेरणीचं बोला, पोरांचं बोला, काहीही बोला. आवाज जरा घोगरा झाला की हात थांबवायचा.

आपल्याच माणसावर सुरी चालवू नये म्हणून ते आधी नाही म्हणाले. पण त्यांच्या आईने ऐकलं नाही. "घरना डॉक्टर शे, मंग परकानाकडे कसाले जावानं?" अक्काला कोणी विचारलं नाही. तिची एकच अडचण होती. जेठांसमोर तिने आजवर डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता, आणि आता उघड्या मानेने पडायचं. सासू म्हणाली, तिथे तोंडावर फडकं टाकतात, तुला कोण बघतंय.

मी आणि अक्काचे यजमान बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आधीच्या रोग्यांचं बोलणं दाराबाहेर पुसट ऐकू येत होतं. अक्काच्या वेळी डॉक्टरांचाच आवाज येत राहिला. बोला, बोलत राहा. मग तोही थांबला.

गाठ निघाली. अक्काचा आवाज मात्र परत आला नाही. वारा सुटावा तसा नुसता श्वास यायचा. पाणी प्यायली तरी ठसका लागे. मी तोंडाजवळ कान नेऊन विचारलं, तुला ऐकू येत नव्हतं का? ती म्हणाली, "माले बठ्ठं ऐकू ये. पन जेठ समोर व्हतात ना."

दोन-तीन दिवसांनी डॉक्टर जळगावला आले. जेवताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की तिला परत परत विचारलं, ती बोलेना. इंजेक्शनने गुंगी आली असं आम्ही समजलो. काकू वाढायच्या थांबल्या.

"लग्न होऊन एवढी वर्षं झाली. ती तुमच्याशी कधी एक शब्द तरी बोलली आहे का?"

डॉक्टर आठवत राहिले. "पण ते ऑपरेशन होतं," ते म्हणाले.

"तिच्यासाठी तिथे तुम्ही होतात."

ते जेवण टाकून उठले. पुढच्या मे महिन्यात ते धुळ्याला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. कॉलेजात ते विभागप्रमुख झाल्याचं काकूंकडून कळलं. सणालाही येणं कमी झालं. मुलगी मोठी झाली, बाबा कधी येणार हे विचारायची थांबली.

अक्का हाक मारायची असली की थाळीवर चमचा वाजवी. तिची पोरं त्या आवाजाला येत. ठसका वाढत गेला, अन्नपाणी चुकीच्या वाटेने जाऊन छातीत धरायचं, ताप यायचा. गेल्या थंडीत अशाच तापात ती गेली. डॉक्टर दहाव्याला आले, मागे उभे राहिले.

मी आता पिंपळनेरच्या शाळेत शिकवतो आणि बाहेरून एम.ए. करतो. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या आईला गलगंड दाखवायला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तिथला नवा डॉक्टर नेमका अक्काच्या जेठांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. मी नातं सांगितलं नाही. बाईची मान तपासत तो म्हणाला की ऑपरेशन करावं लागेल, आणि आपल्या सरांच्या वॉर्डाची गंमत सांगावी तसं सांगू लागला. सर स्वतः कित्येक वर्षांत मानेला हात लावत नाहीत, बाजूला उभे राहून शिकवतात. बाईला टेबलावर घेण्याआधी तिला विचारायचं असा त्यांचा नियम आहे, की इथे असं कोणी आहे का ज्याच्यासमोर तुम्हाला बोलता येत नाही. नियमाचं कारण विचारलं तर सांगत नाहीत.

"एखादी म्हातारी सरांकडेच बोट दाखवते," तो म्हणाला. "मग सर मुकाट्याने बाहेर जाऊन थांबतात."