परभणीची एक गृहिणी

हौशी ट्रेडर लोकांवर एक पुस्तक निघालंय, त्यात मी आहे. नाव दिलेलं नाही, ‘परभणीची एक गृहिणी’ एवढंच. या बाईनं शेअरबाजाराच्या नादी लागून घरासाठी घेतलेला प्लॉट घालवला, असं त्यात लिहिलंय. वाचताना मलासुद्धा तिचा राग आला. खरं सांगते, मी आयुष्यात एक शेअर घेतलेला नाही. मी फक्त आकडे वाचून दाखवायचे.

आमचे हे पालमला मास्तर आहेत. आठवडाभर तिथंच खोली करून राहतात, शनिवारी एसटीनं घरी येतात. मुलीच्या कॉलेजमुळे मी परभणीत. सरकारी नोकरीत असताना अशी रोजची खरेदी-विक्री चालत नाही म्हणे, म्हणून खातं माझ्या नावावर उघडलं. यांच्या शाळेतल्या बऱ्याच मास्तरांच्या बायका अशाच नावाच्या ट्रेडर. हळदीकुंकवाला भेटलो की आम्ही एकमेकींना चिडवायचो, ‘‘काय शेठाणी, बाजार वर हाय का खाली?’’ कुणालाच ठाऊक नसायचं.

खातं माझं, म्हणून मोबाइल नंबरही माझाच. रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी हे पालमला बसून त्या खात्यात शिरायचे आणि ओटीपी इकडं माझ्या फोनवर यायचा. लगेच यांचा फोन. ‘‘अगं, आला का?’’

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं मला कधी सहज म्हणून फोन केला नव्हता. गॅस संपला, मुलीला ताप आला, असं काहीतरी कारण लागायचं. आता कारण रोजचंच झालं. मी पोळ्या अर्धवट टाकून हात पुसायचे आणि आकडे सावकाश सांगायचे. हे घाई करायचे. पण मग आत शिरून बाजार उघडेपर्यंत थोडा वेळ उरायचा, तेव्हा बोलायचे. खानावळीतली भाजी लय खारट होती. नळाला पाणी नाही. तू चहा घेतलास का? हे शेवटचं तर मला कुणी विचारतच नाही. एकदोनदा मी मुद्दाम एक आकडा चुकीचा सांगितला, कारण मग फोन परत यायचा. या वयात असा चावटपणा! पण केला.

बाजार वर जाणार की खाली, यावर हे पैसे लावायचे. सुरुवातीला मिळाले, तेव्हा आवाज कसा गुळासारखा. मग जायला लागले. गेलेलं परत आणायला आणखी लावले, आणि शेवटी वसमत रोडचा प्लॉट विकावा लागला. रविवारी आम्ही त्या प्लॉटवर जाऊन उभे राहायचो आणि ओट्यासमोर खिडकी कुठं घ्यायची यावरून भांडायचो. तो विकला त्या दिवशी मी पोटभर रडले आणि डोळे पुसले. पण ट्रेडिंग बंद झालं तसा फोनही बंद झाला. त्याचं रडू मात्र रोज नऊच्या सुमारास येतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही.

तेवढ्यात हा पुस्तकवाला आला. पुण्याचा होता, बोलायला नम्र. यांच्याच एका सोबत्यानं त्याला आमच्याकडं पाठवलं होतं. चहा झाला. त्यानं यांना विचारलं, ‘‘सर, ट्रेडिंगची सुरुवात कशी झाली?’’

हे कपाकडं बघत म्हणाले, ‘‘मी न्हाई. खातं हिच्या नावावर हाय, सगळं हीच करायची. बोला तुमी, मी दूध घेऊन येतो.’’

आणि पायांत चपला सरकवून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. नोकरीची भीती मला कळत होती, म्हणून मी गप्प बसले. पण जाताना एकदा माझ्याकडं बघायला काय झालं होतं?

तो माणूस माझ्याकडं वळला. ‘‘ताई, तोटा होत होता, तरी तुम्ही थांबला का नाहीत?’’

मला यातलं काही येत नव्हतं, तरी हे उत्तर मात्र माझं स्वतःचं होतं. मी म्हणाले, ‘‘रोज सकाळी फोन यायचा. त्या फोनसाठी सोडवत नव्हतं.’’

त्यानं मान डोलावली आणि लिहून घेतलं. पुस्तकात ते वाक्य जसंच्या तसं आलंय.

पुस्तक पोस्टानं घरी आलं. रविवारी सकाळी हे अंगणात खुर्ची टाकून, चष्मा लावून वाचत बसले. मी दारातच मेथी निवडायला बसले होते. माझं सगळं लक्ष यांच्या तोंडाकडं. जगासमोर नको, पण मला तरी एक शब्द म्हणतील, असं वाटत होतं. निदान त्या वाक्यापाशी तरी.

त्या वाक्यापाशी हे खरंच थांबले. बोट ठेवून मला हाक मारली.

‘‘अगं, हे काय लिहिलंय? तुला रोज सकाळी कुणाचा फोन यायचा?’’

मी यांच्याकडं बघितलं. सोंग नव्हतं. यांना खरंच आठवत नव्हतं.

‘‘कंपनीवाल्यांचा,’’ मी म्हणाले.

‘‘तरीच,’’ हे म्हणाले आणि पान उलटलं.