आधी टाका मार

टाका या शब्दाशी माझं जुनं वैर होतं. आई इथे छत्तीसगढात, बीरगावात घरीच ब्लाउज शिवते, आणि मी चौथीत असल्यापासून हूक लावणं, काजं करणं, अस्तराला टाके घालणं हे सगळं माझ्याच गळ्यात पडायचं. बारावीनंतर काय करणार, हे आमच्याकडे मला कुणी विचारलंच नाही. पोट्टीच्या हाताला टाका छान बसतो, एवढं म्हणून सगळ्यांनी माझा निकाल लावून टाकला होता. त्यानंतरही पाच वर्षं शिवलं मी. त्यातला एक दिवससुद्धा मला आवडला नाही, आणि हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगते.

शिवलेले ब्लाउज पोचवायला जाताना वाटेत फाटकं-ग्रिल बनवणारं एक दुकान लागायचं. तिथे थांबून वेल्डिंग पाहायची चोरी होती, कारण डोळे जातील म्हणून सगळे ओरडत. खरं म्हणजे ते बरोबरच ओरडत होते. पण मला वाटायचं, ज्याच्या हातात वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर आहे त्याला कुणी ओरडत नाही. एक दिवस ब्लाउज पोचवून परतताना मी सरळ आत शिरले आणि मिस्त्रीला म्हटलं, मला शिकायचंय.

"पेंट कर लेगी?" त्याने विचारलं. "तो आ जा।"

घरी सांगितलं तेव्हा आई मशीनवरून उठली नाही, फक्त पाय थांबवला.

"काहून? घरात मशीन नाही का?"

"आहे न. ते तुही आहे."

तिने पाय पुन्हा चालवला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात जायला लागले.

दुकानात मला 'नोनी' हे नाव मिळालं. छत्तीसगढीत नोनी म्हणजे पोरगी. मिस्त्री बोलायचा हिंदीत, पण चिडला की छत्तीसगढीवर यायचा, आणि माझ्यावर तो रोज चिडायचा. माझं काम म्हणजे तयार मालाला गंज लागू नये म्हणून लाल ऑक्साइडचा रंग फासणं आणि वेल्डिंगवरची काळी खपली हातोडीने ठोकून काढणं. होल्डरला हात लावला की ओरडा ठरलेला, "झन छू, नोनी!" म्हणजे हात लावू नकोस.

मी लावला. दुपारी मिस्त्री आणि दुकानातले दोघे कारागीर जेवायला घरी गेले की हातमोजे चढवायचे, काळ्या काचेची ढाल तोंडापुढे धरायची आणि उरलेल्या रॉडच्या तुकड्यांनी भंगारावर रेघा ओढायच्या. पहिले आठ दिवस रॉड नुसता लोखंडाला चिकटायचा. जवळ नेला की चिकटतो, लांब नेला की विझतो. मधली जागा हाताला सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा आवाज आला, आणि मी एकटीच हसले. एकदा ठिणगी बुटात गेली आणि नायलॉनचा मोजा पायाला चिकटला. तो डाग अजून आहे. मी घरी कुणाला दाखवला नाही.

महिन्याभराने मिस्त्रीने भंगारावरच्या माझ्या रेघा पाहिल्या. मला वाटलं, आता हाकलणार. त्याने चार अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्ट्या, कापून माझ्यापुढे टाकले. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या एका मराठी काकांच्या मागच्या अंगणाचं छोटं फाटक होतं, त्याची चौकट. ती सरळ आली तर होल्डर माझा. वाकडी आली तर पुन्हा होल्डरचं नाव काढायचं नाही, आयुष्यभर ब्रश. एवढं सांगून तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला,

"पहले टांका मार, नोनी।"

माझं डोकंच फिरलं. आईने त्याच्या बायकोचे ब्लाउज शिवले होते, माझ्या हातचे हूक त्याच्या घरात होते. सगळ्यांसमोर मला शिवणकामावरून टोमणा मारतो काय? पहिला कोपरा जुळवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पक्का भरून काढला. मग दुसरा, मग तिसरा. मिस्त्री मागून दोनदा ओरडला, "टांका! टांका!" मी ढाल खाली केली नाही.

चौथा कोपरा जुळलाच नाही. दोन बोटं फट राहिली आणि अख्खी चौकट एक पाय आखूड असलेल्या खाटेसारखी डुलायला लागली. मिस्त्री हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं. त्याने ब्रश माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला गेला.

घरी येऊन मी आईसमोर फुटले. "मिस्त्री मले टोमणे मारते. टाका मार म्हणते. मले दर्जीण समजून राहिला तो."

आई ब्लाउजला बाही कच्च्या दोऱ्याने जोडत होती. "विचारलं का त्याले, काहून म्हणते म्हणून?"

"कायले विचारू?"

"टोमणाच असन असं नाही." तिने दोरा दाताने तोडला. "आता हेच पाह्य. टाका न घालता मशीन मारली तं बाही फिरते."

बाही फिरते. मी जागच्या जागी बसले. माझी चौकट फिरली होती. दुकानात मिस्त्री बाकीच्यांवरही तेच ओरडायचा, रोज, आणि टाका शब्द आला की मीच कान बंद करून घेत होते. लोखंडाचा कच्चा टाका! तापलं की लोखंड ओढलं जातं, म्हणून चारही कोपरे आधी नुसते टिपक्याने धरायचे, सरळ करायचे आणि मगच भरायचे. मला स्वतःचा इतका राग आला की जेवण गेलं नाही. आणि आईचा त्याहून जास्त, कारण ती बरोबर होती.

सकाळी मिस्त्री यायच्या आत मी दुकान गाठलं. ग्राइंडरने कोपरे कापले, घासले. चारही ठिकाणी एकेक टाका मारला. टेपने दोन्ही कर्ण मोजले. एक जरा मोठा आला, तेव्हा हातोडीने ठोकून सारखा केला. मग एक कोपरा थोडा, त्याच्या समोरचा थोडा, असं करत भरलं. मिस्त्री आला. माझ्या हातात ब्रश नाही हे त्याने पाहिलं. काटकोन तपासायचा गुण्या घेतला, चारही कोपऱ्यांत लावला, पुन्हा लावला.

"हव," तो म्हणाला. म्हणजे हो. मग हिंदीत पुढचं सांगितलं, की होल्डर घे, पण गिऱ्हाईक आलं की ब्रश धरायचा. लोक पोरीने केलेलं फाटक घेत नाहीत.

गजही मीच बसवले. राहिल्या फक्त बिजागऱ्या, म्हणजे आमच्याकडचे कब्जे. फाटक कोणत्या बाजूला उघडायचं ते सांगायला काका स्कूटरवरून आले. मिस्त्रीने डोळ्यांनी मला ब्रश दाखवला.

"किसने बनाया? बढ़िया है," काकांनी मिस्त्रीला विचारलं.

"मेरा आदमी है एक।"

"मी बनवलं, काका," मी म्हटलं.

मिस्त्रीने मान फिरवली. काका आधी मराठी ऐकून खूश झाले, गाव कोणतं, आडनाव काय, सगळं विचारून झालं. मग त्यांनी फाटक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. काही हललं नाही.

"ठीक आहे गं, पण कब्जे मिस्त्रीलेच लावू दे. वजन त्यावरच असते न."

मिस्त्रीने हात पुढे केला. होल्डर माझ्याकडे होता. मी तो दिला नाही. डावीकडची बिजागरी जागेवर धरली, रॉड चढवला, आणि दोघेही तिथेच उभे आहेत असं पाहून म्हटलं,

"डोळे मिटा."

दोघांनी मिटले.