राखेच्या पाण्यातल्या पऱ्हाट्या

यवतमाळला पुण्याची ट्रॅव्हल्स सुटायला आली होती आणि आई डिक्कीवाल्याशी भांडत होती. माझी पेटी त्याने सगळ्या बॅगांच्या खाली दडपली होती, आणि पेटीत आईने कणकेचे वळून वाळवलेले सरगुंडे होते. "मोडले तं तू करून देशील काय रे?" त्या बिचाऱ्याने पेटी काढून वर ठेवली. बाबा खिडकीखाली येऊन एवढंच म्हणाले, "कोणी तुह्या बोलण्याले हसलं तं तूबी हसजो. रडू नको." गाडी हलायच्या आतच मी रडले.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्या मैत्रिणींनो, खरं सांगते, पुण्यात कोणी हसत नाही. पुण्यात सुधारून देतात, तेही 'अहो' म्हणून. आता मी मीटिंगमध्ये 'अ‍ॅक्च्युअली' म्हणते, फोनवर आईशी 'मले' म्हणते, आणि चिडले की दोन्हीकडे यवतमाळच बाहेर पडतं.

कर्वेनगरात खोली घेतली, मी संशोधन करते ती लॅब तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. आमचं काम सोपं करून सांगते. शेतातल्या काडीकचऱ्याचा खास कोळसा करायचा आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं रंगीत पाणी त्यातून गाळायचं. कोळशाने रंग धरून ठेवला तर तेवढी घाण नदीत जायची वाचते. मला आपल्या पऱ्हाट्या आठवल्या. कापूस वेचून झाला की उरलेल्या त्या वाळक्या काड्या आपण शेताच्या धुऱ्यावर पेटवून मोकळे होतो. आईला फोन केला, आठवड्यात पोतं आलं. त्यांचा कोळसा केला, वरून लालभडक पाणी ओतलं आणि खालून प्यावंसं वाटेल असं नितळ पाणी! मी लॅबमध्येच उड्या मारल्या. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी.

मग मोठ्या चाचणीसाठी दुसऱ्या गावाहून पऱ्हाट्या आणल्या, आणि पाणी लाल ते लालच. भट्टी तीच, आच तीच. तीन आठवडे मी राबले. मॅडम एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपण संशोधन करता की जादूचे प्रयोग? एकदाच झाला म्हणून विचारलं."

पुढच्या महिन्यात कामाला पैसे देणाऱ्या समितीसमोर तोच निकाल पुन्हा काढून दाखवायचा होता. नाही जमलं तर काम बंद, माझी जागाही बंद, आणि मी परत गावाला. तुम्हाला भेटायला येणं वेगळं आणि हरून येणं वेगळं, बाई! पहिल्या वेळी मीच काही घोळ घातला का, असंही वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी चालता चालता आईला फोन लावला. म्हटलं, आपल्याच वावरातल्या आणखी पाठव.

"पाठवतो नं. पयल्यावानी धुवून पाठवू का?"

मी फुटपाथवर थांबले. "धुवून?"

"मंग! मोठ्या लोकायच्या हापिसात मातीसगट कशा धाडू वं? म्हणतीन, हिच्या मायले काही समजते का नाही? चुलीच्या राखेच्या पाण्यात रातभर भिजू घातल्या, भांड्यावानी लख्ख केल्या अन् वाळवल्या." मग बारीक आवाजात, "बिघडलं का वं तुह्यं काही?"

मी वहीत काय लिहिलं होतं माहितीये? 'काड्या न धुता, जशा आल्या तशा वापरल्या.' पाहुण्याकडे जाणारी वस्तू आई घासल्याशिवाय घराबाहेर काढत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक, आणि मी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

सकाळी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. वही चुकली, मी चुकले. त्यांनी चष्मा काढला. "मग उभ्या काय राहिलात? राख शोधा. आणि आईंना बोलावून घ्या."

आई आली! पांढरा कोट साडीवर चढवून माझ्याच टेबलाशी उभी. राख मिळाली वारज्याच्या एका लाकडावर चालणाऱ्या भट्टीतून. मॅडमनी विचारलं, "राख किती, पाणी किती?"

"पाणी हाताले बुळबुळीत लागलं का झालं," आई म्हणाली.

मॅडमनी बाही सरसावून बादलीत स्वतःचा हात घातला. मग खार मोजायचं मीटर बुडवून आकडा लिहिला, पुन्हा हात, पुन्हा आकडा. मी नुसती बघत राहिले. राखेतला खार काडीत मुरतो आणि भट्टीत तिला बारीक छिद्रं पाडतो, हे आम्हाला नंतर कळलं. रंग त्याच छिद्रांत अडकत होता.

समितीसमोर तीनदा ओतलं, तीनदा नितळ. काम चालू राहिलं, माझी जागा पक्की झाली. बाहेर आई कोट हातात धरून बसली होती. मी तिला उचलायचंच बाकी ठेवलं.

"झालं नं तुह्यं काम?" ती खूप हसली. "म्हणजे आता तू घरी नाही येत."

मी तिच्याजवळ बसले.

"मीच ठेवलं म्हणा तुले इथं," ती म्हणाली, आणि त्याच कोटाने डोळे पुसले.

घर म्हणजे काय, असं इकडच्या मुली कधी विचारतात, तेव्हा मी गावाचं नाव सांगत नाही. मला जाऊ देणारी ती बाई, एवढंच सांगते.